जुन्या मोटारींच्या मेस्त्रींची नोंद कशी करावी

कोकणात अ‍ॅम्बॅसिडर, फियाट आणि विलिस जीप यांच्या आठवणी काढणारे पुष्कळ भेटतात; पण त्या गाड्या ज्यांच्या हातांमुळे चालत राहिल्या, त्या मेस्त्रींचे नाव तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बॅसिडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबवले, मुंबईच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. या गोष्टी वर्तमानपत्रांत छापून आल्या असल्यामुळे त्या कुठेही सापडतील. मे महिन्याच्या उन्हात कशेडी घाट चढताना बंद पडलेली गाडी अर्ध्या तासात पुन्हा कशी चालू होत असे, किंवा खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने कुजलेला दाराखालचा पत्रा कोणत्या युक्तीने आणखी पाच पावसाळे टिकवला जात असे, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि ज्यांना ते माहीत आहे त्यांपैकी बहुतेकांनी आता सत्तरी ओलांडली आहे. अशा माणसाची आणि त्याच्या कामाची नोंद एखाद्या सामान्य वाचकाला स्वतःच्या खर्चाने आणि सवडीने कशी करता येईल, ते येथे सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक मत स्पष्ट मांडतो. शाल, श्रीफळ आणि दोन भाषणे यांनी मेस्त्रीचा सन्मान होतो, पण त्याचे काम कोणाच्याही स्मरणात राहत नाही. ‘फार प्रामाणिक माणूस होता’ हे वाक्य कोणाबद्दलही लिहिता येते. ‘गिअरबॉक्स न उतरवता क्लचचे काम कसे करायचे हे त्यांनी तीन पोरांना शिकवले’ हे वाक्य एकाच माणसाबद्दल लिहिता येते. नोंद करताना आपल्याला दुसऱ्या प्रकारची वाक्ये जमवायची आहेत, आणि पुढील सर्व सूचना त्या एका हेतूने दिल्या आहेत.

आधीची तयारी

मेस्त्रीकडे जाण्यापूर्वी गाड्यांची थोडी माहिती करून घेणे आवश्यक आहे, कारण समोरच्याला काहीच कळत नाही असे दिसले की जुना कारागीर सौजन्याने दोन वरवरची उत्तरे देतो आणि थांबतो. अ‍ॅम्बॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली होती, ती उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनत असे, आणि तिचे दीर्घकाळ चाललेले पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे होते, एवढे तरी ठाऊक असावे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० तयार केली. तीच गाडी पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली, पण कोकणातला मेस्त्री तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणतो. महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीप जोडायला सुरुवात केली, आणि घाटात, जंगलात, खडीच्या रस्त्यावर सरकारी खात्यांची आणि ठेकेदारांची कामे याच जीपवर चालत. मद्रासच्या कारखान्यातली स्टँडर्ड हेरल्ड कोकणात कमी दिसे, पण ज्याने ती हाताळली तो मेस्त्री तिची बोनेटसह पुढे उलटणारी पूर्ण नाकाडी कधी विसरत नाही, आणि बोलण्याला सुरुवात करून द्यायला तो चांगला विषय आहे.

मेस्त्री शोधण्यासाठी गॅरेजांची यादी करण्यापेक्षा ज्यांचा त्यांच्याशी रोजचा व्यवहार होता अशा लोकांकडे जावे. जुने स्पेअर पार्टचे दुकानदार, लेथवाले, पाटे (गाडीच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसवणारे लोहार, बॅटरीवाले, वेल्डर आणि एसटी आगारातून निवृत्त झालेले कर्मचारी यांना कोण कशात निष्णात होते हे नेमके ठाऊक असते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, आणि नंतरच्या काळात आगारांच्या वर्कशॉपमधून शिकून बाहेर पडलेल्या अनेकांनी गावात स्वतःचे गॅरेज काढले. चिपळूणजवळ पोफळी आणि अलोरे या भागात कोयना प्रकल्पाचे काम चालू असताना तेथेही अवजड वाहनांवर हात बसलेले कारागीर होते. प्रत्येकाला ‘तुम्ही कोणाकडे शिकलात?’ आणि ‘तुमच्याकडे कोण शिकले?’ हे दोन प्रश्न विचारले की एका नावावरून दुसरे नाव मिळत जाते, आणि काही आठवड्यांत एका तालुक्याची उस्ताद-शागीर्दांची वंशावळ कागदावर उतरते. ही वंशावळ मला या सगळ्या कामातील सर्वांत मौल्यवान गोष्ट वाटते, कारण गावाच्या इतिहासात ती दुसरीकडे कुठेही नोंदलेली नसते.

पहिली भेट आणि हंगाम

पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रण करू नये. चहा घ्यावा, आपण कोणाचे कोण ते सांगावे, काय करायचे आहे आणि ते पुढे कोठे ठेवले जाईल ते समजावून द्यावे, आणि वेळ ठरवून परत यावे. मेस्त्री अजून काम करत असतील तर त्यांचा कामाचा दिवस आपण घेत आहोत याची जाणीव ठेवावी. अर्धा दिवस बसवून ठेवणार असाल तर त्या दिवसाच्या मजुरीइतकी रक्कम आदराने पुढे करणे योग्य आहे. काही जण ती घेणार नाहीत. त्यांनी घेतली तर त्यात दोघांनाही संकोच वाटण्याचे कारण नाही.

हंगामाचा विचार कोकणात फार महत्त्वाचा आहे. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस, शिमगा आणि मे महिना या काळात चाकरमानी येत असल्यामुळे गॅरेजात श्वास घ्यायलाही फुरसत नसते. लावणी आटोपल्यानंतरच्या पावसात मेस्त्री मोकळे असतात, पण पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात मुद्रणातला एक शब्दही कळत नाही. म्हणून त्या दिवसांत कौलारू घराच्या पडवीत किंवा माजघरात बसावे आणि गॅरेजातले चित्रण उघडिपीसाठी राखून ठेवावे. दिवाळीनंतर ते शिमग्यापूर्वीचा काळ सर्वांत सोयीचा. दुपारचे जेवण आणि वामकुक्षी झाल्यावर साधारण चारच्या सुमारास बसले तर बोलणे निवांत होते. एका बैठकीत तासाभराहून फार जास्त बोलणे काढू नये, कारण वयस्कर माणूस थकतो आणि थकल्यावर तपशील गाळून निष्कर्षच सांगू लागतो.

साधा मोबाइल फोन मुद्रणाला पुरतो. तो विमान मोडवर टाकावा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवावा, आणि पंखा शक्य असेल तर बंद ठेवावा. कॉलरला लावायचा लहान माइक मिळाला तर उत्तमच. सुरुवातीला तारीख, गाव, दोघांची नावे आणि ‘हे बोलणे नोंदवायला माझी हरकत नाही’ हे मेस्त्रींचे वाक्य मुद्रित करून घ्यावे.

काय विचारावे

‘तुमच्या आठवणी सांगा’ असा प्रश्न विचारला की माणूस गोंधळतो. एका गाडीचा, एका बिघाडाचा, एका दिवसाचा प्रश्न विचारावा. मे महिन्यात घाटात अ‍ॅम्बॅसिडर बंद पडली तर तुम्ही पहिल्यांदा हात कुठे लावायचा? या प्रश्नावर बहुतेक मेस्त्रींकडून पेट्रोल पंपावर ओला फडका टाकण्याची गोष्ट निघते. इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप ती ओढू शकत नाही, आणि पंप थंड झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होऊन गाडी चालू होते. कारण हे असे आहे. पण नोंद कारणापाशी थांबवू नये. फडका कशाचा असायचा, पाणी कोठून आणायचे, कोणत्या वळणावर थांबायची सोय होती, प्रवासी तेव्हा काय करत, आणि पंपातला पडदा फाटलेला असेल तर ओल्या फडक्याने काम होणार नाही हे आधी कसे ओळखायचे, असे एकामागून एक विचारत गेले की खरी कारागिरी उलगडते. कुडाळकडच्या एका मेस्त्रींनी हीच गोष्ट ‘पंपार ओलो फडको घातलंय, दहा मिनटां रवलंय, मगे गाडी चालू झाली’ इतक्या थोडक्यात सांगितली होती, आणि पुढचे सगळे प्रश्न त्या ‘दहा मिनटां’वर विचारल्यानंतरच कळले की त्या दहा मिनिटांत ते प्लग काढून त्यांचा रंगही पाहून घेत.

पावसाळ्याचे प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत, कारण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडत असल्याने येथील मेस्त्रींचे अर्धे ज्ञान पाण्याशी झगडण्याचे आहे. मोरीवरून पाणी जात असताना गाडी पलीकडे न्यायची तर फॅन बेल्ट का उतरवत असत? पंखा फिरत राहिला तर तो पाणी उडवून डेल्कोवर (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरवर) आणि वायरींवर मारतो, हे त्याचे कारण. पण बेल्ट उतरवल्यावर इंजिन तापायच्या आत किती अंतर जाता येते, याचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा असे आणि तो अनुभवाचा असे. डेल्कोच्या टोपणात दमट हवेने ओल धरली की सकाळी गाडी उठत नसे. ती कोरडी करण्याच्या, भिजलेले ब्रेक चालत्या गाडीत हलका पाय ठेवून सुकवण्याच्या, आणि पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला जळके ऑइल मारण्याच्या पद्धती गावागणिक बदलतात. खाडीकाठच्या गॅरेजात गंजाबद्दल जितके ऐकायला मिळते तितके घाटमाथ्याजवळच्या गॅरेजात मिळत नाही, म्हणून दोन्हीकडे विचारावे.

स्पेअर पार्ट कोठून येत, हा प्रश्न कधीही वगळू नये. उत्तर रत्नागिरी आणि रायगडचे मेस्त्री मुंबईकडे पाहत: कुर्ला, चोर बाजार, ऑपेरा हाऊस. दक्षिणेकडचे मेस्त्री बोअरिंग, क्रँक घासणे, ओतीव कामे यांसाठी फोंडा, करूळ किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जात, आणि सावंतवाडीचे आंबोलीमार्गे बेळगाव गाठत. तयार झालेला ब्लॉक एसटीच्या पार्सलने परत येई. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू होण्यापूर्वी या सामानाची मदार मुख्यतः रस्त्यावरच असे, त्यामुळे पार्ट येईपर्यंत गाडी कशी चालती ठेवली, या प्रश्नाच्या उत्तरात जुगाडाच्या नव्हे तर खऱ्या अभियांत्रिकीच्या गोष्टी सापडतात: सायकलच्या ट्यूबमधून कापलेले वायसर, पितळी दांड्यातून लेथवर काढलेले किंगपिनचे (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिचे) बुश, एका गाडीच्या ब्रेक सिलिंडरात बसवलेला दुसऱ्या गाडीचा रबर.

किनाऱ्यावरच्या मेस्त्रींना बोटींबद्दलही विचारावे. गाड्यांची डिझेल इंजिने उघडणारे हात मच्छीमारी ट्रॉलरवरच्या लेलँड इंजिनांवरही बसलेले असत, आणि हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांजवळच्या कित्येक गॅरेजांचे पोट नारळी पौर्णिमेनंतरच्या हंगामात बोटींच्या कामावर भरे. पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवण्याचे काम ज्यांनी केले, त्यांना इंजिनचे पाय, क्लच हाउसिंग आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी कशी जुळवली ते कागदावर काढून दाखवायला सांगावे. तो कागद जपून ठेवावा.

वर्षे कशी ठरवावीत

मेस्त्रींना साल आठवत नाही, पण प्रसंग आठवतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आणीबाणी १९७५ ते १९७७ ची, मारुती ८०० डिसेंबर १९८३ ची, चिपळूण आणि महाड बुडाले ते २६ जुलै २००५ चे. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’, ‘मारुती आली होती का?’ असे विचारले की दोन-तीन वर्षांच्या फरकाने काळ निश्चित होतो. छायाचित्रांच्या बाबतीत पाट्या उपयोगी पडतात. पाटीवर ‘जि. कुलाबा’ असेल तर ती १९८१ पूर्वी रंगवलेली समजायला हरकत नाही, कारण त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. गाडीच्या नंबरावर एमएच-०६, ०७ किंवा ०८ अशी सुरुवात असेल तर छायाचित्र १९८९ नंतरचे, कारण ही नंबरांची मालिका त्या वर्षी आली. अ‍ॅम्बॅसिडरच्या पुढच्या जाळीवरूनही मार्क वन आणि नंतरचे प्रकार वेगळे करता येतात, आणि हे काम मेस्त्रींवरच सोपवावे. जाळीकडे एक नजर टाकून ते सांगतात.

हाताचे काम जवळून टिपावे

एकदा तरी मेस्त्रींना प्रत्यक्ष काम करताना चित्रित केले पाहिजे, आणि त्यासाठी मोठे काम निवडू नये. डेल्कोचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा प्रवाह जोडणारी-तोडणारी दोन तोंडे, लावणे हे पंधरा मिनिटांचे काम त्यासाठी मला आदर्श वाटते. राजापूरजवळच्या एका गॅरेजात ते मी पाहिले, त्याचा तपशील येथे देतो, म्हणजे किती बारकाईने पाहावे लागते याची कल्पना येईल.

मेस्त्रींनी दोन्ही अंगठ्यांनी दोन क्लिपा एकाच वेळी उघडल्या आणि टोपण वायरींसकट बाजूला कलते ठेवले, ओढून काढले नाही. रोटर उचलला. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मुलाला हळूहळू ढकलायला सांगितले आणि पॉइंटची टाच कॅमच्या उंच टोकावर येताच ‘बस’ म्हणाले. पॉइंटच्या एका तोंडावर खळगा पडला होता आणि समोरच्या तोंडावर तेवढाच उंचवटा चढला होता. ते बोटाने चाचपून ‘कंडेन्सर गेला आहे’ एवढेच बोलले. तोंडे बारीक पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलच्या फडक्याने पुसून, त्यांनी स्क्रू अर्धा सैल केला. पुस्तकाप्रमाणे या इंजिनाची फट सुमारे पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर असते. त्यांनी ती त्याहून किंचित कमी लावली आणि मग स्क्रू आवळला, कारण आवळताना पट्टी सरकते आणि फट वाढते. फट मोजायच्या फीलर गेजचे पान घालून पाहिले तेव्हा ते अलगद अडकत सरकले. ही ‘किंचित कमी’ची जागा कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, आणि ‘ते तुम्हाला कसे कळले?’ या प्रश्नाला त्यांनी उत्तर म्हणून स्क्रू पुन्हा सैल करून माझ्या हातात दिला.

अशा वेळी कॅमेरा चेहऱ्यावर नव्हे तर हातांवर ठेवावा, मेस्त्रींच्या उजव्या खांद्यामागून, म्हणजे पाहणाऱ्याला त्यांच्या नजरेतून काम दिसते. मधे बोलू नये. काम संपल्यावर तेच चित्रण त्यांना दाखवून प्रत्येक हालचालीचे कारण विचारावे आणि ते उत्तर वेगळे मुद्रित करावे.

हत्यारांची छायाचित्रे घेताना बाजारातून आणलेल्या पान्यांपेक्षा घरी बनवलेल्या हत्यारांकडे लक्ष द्यावे. क्लच प्लेट मध्यावर बसवण्यासाठी जपून ठेवलेला जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट, पाट्याच्या तुकड्यातून केलेला पुलर, इंजिनाचा आवाज कानात घेण्यासाठी लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर, ही त्या गॅरेजाची खरी संपत्ती असते. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा हत्यारांच्या पेटीत दिसला तर तो कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये: ब्लेडची जाडी सुमारे ०.६३ मिलिमीटर असते, आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या प्लगची फट नेमकी तेवढीच लागते. प्रत्येक हत्यार साध्या रंगाच्या कापडावर ठेवून, शेजारी पट्टी ठेवून, फ्लॅश न वापरता सावलीतल्या उजेडात टिपावे आणि मेस्त्री त्याला जे नाव देतात तेच नाव लिहावे. गॅरेजाची छायाचित्रे चारही कोपऱ्यांतून घ्यावीत, त्यात खड्डा, गाडी टेकवायच्या घोड्या, भिंतीवरच्या तसबिरी, रंगवलेला बोर्ड हे सारे यावे. भिंतीवर खडूने लिहिलेले फोन नंबर मात्र छायाचित्र कोणाला देण्यापूर्वी झाकावेत.

वह्या, बिले आणि फोटो

जुन्या गॅरेजात उधारीची वही असते, आणि तिच्यात कोणत्या वर्षी कोणते काम किती रुपयांत झाले याची इतकी प्रामाणिक नोंद असते की तिच्यापुढे आठवण फिकी पडते. ही वही अनेक घरांत मेस्त्रींच्या पत्नीने लिहिलेली असते. हिशेब, वसुली, पार्टची यादी आणि पोरांचे जेवण ज्यांनी सांभाळले, त्या बाईंशी वेगळे बसून बोलले पाहिजे, आणि त्यांचे नाव नोंदीत पहिल्या पानावर आले पाहिजे. वहीतल्या गिऱ्हाइकांच्या थकबाक्या मात्र कोणालाही दाखवू नयेत.

कोकणच्या दमट हवेत कागदाला बुरशी लवकर धरते. ओलसर वही उन्हात वाळवू नये. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याच्या मंद वाऱ्यात ठेवावी. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत, ते तसेच जाणकाराकडे न्यावेत. वहीची पाने ३०० डीपीआयवर आणि फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केले म्हणजे पुरते, आणि फोटोच्या मागे काही लिहिलेले असेल तर ती बाजूही स्कॅन करावी. मूळ वस्तू त्याच दिवशी त्याच घरी परत कराव्यात. ‘दोन दिवसांसाठी नेतो’ असे म्हणून नेलेले अल्बम किती घरांत परत आलेले नाहीत, हे गावोगावी ऐकायला मिळते, आणि एका माणसाच्या हलगर्जीपणामुळे पुढच्या दहा जणांना दार बंद होते.

लिहून काढणे आणि पडताळणे

मुद्रण उतरवताना बोली बदलू नये. मालवणी, संगमेश्वरी किंवा कोकणी मुसलमानांची बोली यांतले वाक्य पुस्तकी मराठीत बदलले की बोलणाऱ्याचा आवाज तर जातोच, शिवाय कामाचे नेमके शब्दही जातात. कठीण शब्दाचा अर्थ शेजारी द्यावा, वाक्य तसेच ठेवावे. तासाभराच्या मुद्रणाला उतरवायला पाच-सहा तास लागतात हे गृहीत धरून चालावे.

मजकूर तयार झाला की तो मेस्त्रींना मोठ्याने वाचून दाखवावा. या वेळी ते चुका दुरुस्त करतात, आणि पुष्कळदा विसरलेले अर्धे तपशील याच वाचनात बाहेर येतात. काही गोष्टी ते वगळायला सांगतील: एखाद्या अपघाताची हकिकत, एखाद्या गिऱ्हाइकाची फसवणूक, भागीदाराशी झालेले भांडण. कोणताही वाद न घालता त्या वगळाव्यात. तांत्रिक भाग दुसऱ्या मेस्त्रींना वाचायला द्यावा. त्यांचे मत वेगळे पडले तर दोन्ही मते नावानिशी लिहावीत. कोणाचे बरोबर हे ठरवण्याची घाई करू नये, कारण खाडीकाठी आणि घाटात एकाच इंजिनाला वेगळी वागणूक द्यावी लागते आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

जे मेस्त्री हयात नाहीत त्यांचीही नोंद करता येते, फक्त ती अनेक तोंडांतून जमवावी लागते. त्यांच्या हाताखाली वाढलेला हेल्पर, शेजारचा वेल्डर, वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच गाडी आणणारा डॉक्टर किंवा आंब्याचा बागायतदार, आणि घरातली माणसे अशा चौघांशी तरी बोलावे, आणि प्रत्येकाला तोच एक बिघाड, तीच एक गाडी विचारावी. चौघांच्या सांगण्यात जे सारखे येते ते ठामपणे लिहावे, बाकीचे ‘अमुक सांगतात’ असे म्हणून लिहावे. एखादी गाडी अजून कुठे गोठ्याशेजारी उभी असेल तर तिचे बोनेट उघडून पाहावे. वेल्डिंगची रेघ, हाताने बनवलेला ब्रॅकेट, वायरींची बांधणी यांवरून हाताखालचा माणूस सांगतो की हे काम कोणाचे.

फायलींना वर्ष, महिना, दिवस, गाव आणि आडनाव या क्रमाने नावे द्यावीत, म्हणजे संगणक त्या आपोआप क्रमाने लावतो. प्रती तीन असाव्यात आणि त्यांपैकी एक कोकणाबाहेर, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे असावी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा घराघरांतले कागद, अल्बम आणि संगणक एकाच पुरात चिखलात गेले. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती या दोन प्रती नव्हेत. छापील प्रत तालुक्याच्या वाचनालयाला द्यावी. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे, म्हणजे मोटार जन्माला येण्यापूर्वीपासून, आणि अशा संस्थेच्या नोंदवहीत दाखल झालेला मजकूर आपल्या संगणकापेक्षा पुष्कळ जास्त काळ टिकेल. देताना पहिल्या पानावर मेस्त्रींचे नाव, गाव, उस्तादांचे नाव आणि हाताखाली शिकलेल्या सर्वांची नावे छापलेली आहेत ना हे तपासावे, आणि दाखल क्रमांक विचारून घेऊन तो मेस्त्रींच्या घरच्या प्रतीवर लिहून द्यावा.